झेनोबिया आत्याच्या घराचे चौदा झरोके

आमच्या मलबेरी रस्त्यावर ऑलीटा बॅटलला शोधायचं असेल तर लोक आधी जमिनीकडे बघतात. कुठल्यातरी घराखालून दोन बूट बाहेर आलेले दिसतात. बूट हलत असले तर काम चालू आहे. हलत नसले तर ती विचार करते आहे, आणि तेव्हा तिला हाक मारायची नाही.

उंची चार फूट दहा इंच. शाळेत तिला त्यावरून पुष्कळ चिडवलं गेलं. पुढे त्याच उंचीवर ती कामं मिळवू लागली. आमची घरं विटांच्या जोत्यावर, जमिनीपासून हात-दीड हात वर उभी असतात. मधल्या काळोख्या जागेत पाण्याचे नळ असतात, थंड हवेचे जाड पाइप असतात, कोळ्यांची जाळी आणि कधी एखादा काळा सापही असतो. तिथे शिरायचं म्हटलं की चांगले धडधाकट पुरुष कां-कूं करतात. ऑलीटा सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधते, दुपारी जुना डगला चढवते आणि पोटावर सरपटत आत जाते. "खालचं करपलं की झाकण न काढता कळतं ना, तसंच घराचंही," असं ती म्हणते. आत दोन श्वास घेतले की ती बाहेरच्यांना ओरडून सांगते: इथे नळ झिरपतोय, इथे वाळवी लागलीय, इथे उंदीर मेलाय, आणि हो, तुमच्या मांजरीला चार पिल्लं झालीत.

हे काम तिला तिच्या वडिलांनी, एझेल बॅटल यांनी शिकवलं. एझेल सुतार. गावातल्या निम्म्या घरांच्या तुळया त्यांच्या हातच्या, आणि त्या तुळयांखालची जोती लेमुएल स्पाइट या गवंड्याच्या हातची. लेमुएल स्पाइट पुढे चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रींचे मदतनीस, झाले, म्हणून सगळे त्यांना डीकनच म्हणतात. या जोडीनं बांधलेल्या प्रत्येक जोत्यात झरोके आहेत: विटेएवढी भोकं आणि त्यांवर लोखंडी झडपा. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी झडपा उघडायच्या, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी बंद करायच्या. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून बंद, आणि उन्हाळ्यात वारा खेळून खालची ओल सुकावी म्हणून उघड्या. घरालाही श्वास लागतो, असं आमच्याकडे लहान मुलाला बाळकडूसारखं पाजलं जातं. कुणाच्या झडपा मे महिन्यातही बंद दिसल्या तर येणारा-जाणारा न विचारता बुटाच्या टोकानं उघडून देतो. तो शेजारधर्म.

ऑलीटाची आत्या झेनोबिया, वय एक्क्याऐंशी, रस्त्याच्या टोकाच्या पिवळ्या घरात एकटी राहायची. त्या घराचे चौदा झरोके ऑलीटा वीस वर्षं नेमानं उघडत आणि बंद करत आली होती. त्या वर्षी, म्हणजे २००४ साली, एप्रिलमध्येही तिनं झडपा उघडल्या, आत डोकावून "ठीक आहे" म्हणाली आणि आत्याच्या हातचा केळ्याचं पुडिंग खाऊन घरी गेली.

मे महिन्यात आत्याला खोकला सुरू झाला. जूनमध्ये दम लागायला लागला. तिची मुलगी रोनेटा रॅली नावाच्या मोठ्या शहरात असते. ती आली आणि आईला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात बुरशी आहे का? रोनेटानं शहरातून टिमन्स नावाचा तपासनीस पाठवला. तो घराखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहीवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. तुळयांवर बुरशी, आणि लाकडात ओल चोवीस टक्के.

रोनेटानं ऑलीटाला फोन केला. "ताई, डॉक्टर म्हणतात, असल्या घरात आईला ठेवायचं नाही. मी घर विकतेय."

"थांब जरा. मी साफ करते."

"तू? तूच तर एप्रिलमध्ये ठीक आहे म्हणाली होतीस."

फोनमध्ये मागून आत्याचा आवाज ऐकू आला, "तिला सांग, मला इथे बाविसाव्या मजल्यावर ठेवलंय! खिडकी उघडली तर कबूतरं नमस्कार करतात!"

"आई, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत."

"माझ्या गुडघ्यांना विचार कितव्या ते!"

शेवटी रोनेटानं मुदत दिली. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी चर्चचं होमकमिंग असतं, गाव सोडून गेलेली सगळी माणसं त्या दिवशी परत येतात. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, टिमन्स पुन्हा येईल. प्रत्येक तुळईतली ओल सोळाच्या आत असली तर आई घरी राहील, नाहीतर सोमवारी घर विकायला काढायचं. हातात सहा आठवडे होते.

ऑलीटानं कंबर कसली. शाळेला सुट्टी होतीच. छपराच्या पन्हळी साफ केल्या, त्यांचं पाणी जोत्यापासून दहा फूट लांब नेऊन सोडलं. टाकणखार आणि साबणाच्या पाण्यानं एकेक तुळई ब्रशनं घासली. पाठीवर पडून वर घासायचं, म्हणजे घाण सगळी तोंडावर. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं, जोड चिकटपट्टीनं बंद केले, कडा भिंतीवर चढवून घेतल्या. वर तीन इंच वीट मात्र उघडी ठेवली, वाळवीची माती चढताना दिसावी म्हणून. मग ओल मोजायचं यंत्र आणलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचायच्या की आकडा दिसतो.

दोन आठवड्यांनी आकडा आला तेवीस.

"एवढी मरमर केली आणि एक टक्का?" ती आमच्या ओसरीवर येऊन बसली. तिचे कोपर सोलवटले होते. "पाणी येतंय कुठून? वरून नाही, खालून नाही."

समोरच्या खुर्चीवर डीकन होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उन्हातही कडक इस्त्रीच्या शर्टात. ते म्हणाले, "वारा कमी पडतोय, पोरी. आणखी दोन झरोके फोडून देतो. तुझ्या बापाला तेव्हाच म्हणालो होतो, चौदा कमी होतात."

ऑलीटानं मान हलवली. वडीलधाऱ्यांचं ऐकायचं, ही तिची सवय. पण झरोके फोडायच्या आधी घराचा नकाशा काढून प्रत्येक तुळईचा आकडा त्यावर लिहावा, असं तिच्या मनात आलं.

त्या दुपारी तिचे बूट फार वेळ हलले नाहीत. मग एकदम आतून ओरडणं ऐकू आलं. साप असणार असं समजून आम्ही फावडं घेऊन धावलो. ऑलीटा उलटी सरपटत, कोळिष्टकांनी माखलेली, बाहेर आली ती हसतच.

"सतरा!" ती म्हणाली. "कोपऱ्यात सतरा आहे!"

"मग चांगलं आहे की!"

"अहो, पण कुठल्या कोपऱ्यात ते विचारा ना! गंजलेल्या झडपेच्या मागे! ती झडप सहा वर्षं झाली, उघडत नाही. दर ईस्टरला मी तिला शिव्या घालते. आणि लाकूड कोरडं आहे ते तिच्याच मागे! बाकी तेरा उघड्या झरोक्यांपाशी तेवीस, चोवीस, तेवीस. मधोमध वीस. जिथे वारा नाही तिथेच सुकं!"

ऑलीटानं तो कागद हातात धरून घराला दोन प्रदक्षिणा घातल्या. जुलैची दमट हवा अंगाला ओल्या कपड्यासारखी चिकटत होती. तीच हवा झरोक्यांतून आत शिरत होती आणि घराच्या थंड पोटाला लागून पाणी होत होती. पाइपांवरचे थेंब तिनं वीस वर्षं पाहिले होते. तिला वाटायचं, पाइप गळतोय.

त्या संध्याकाळी तिनं तेराही झडपा बंद केल्या, आतून जाड स्पंज ठोकून बसवला आणि हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र आत लावलं. यंत्राची नळी बाहेर काढून बादलीत सोडली. दुसऱ्या सकाळी बादली भरून वाहत होती. आम्ही सगळे ती बादली बघायला गेलो. पाणी अगदी स्वच्छ होतं.

पण आमच्या रस्त्यावर त्यावरून जे काही झालं! भर जुलैत झडपा बंद म्हणजे पोराला गोधडीत गुंडाळून उन्हात ठेवण्यासारखं. पोस्टमनही थांबून विचारायचा, "बरं आहे ना सगळं?" डीकन तर फाटकाशीच उभे राहिले.

"ऑलीटा, घर गुदमरतंय."

"घर सुकतंय, डीकनकाका."

"चाळीस वर्षं मी जोती बांधली. तू माझ्या भोकांना बुचं लावतेस?"

"काका, आकडे बघा. वीसवर आलंय."

"आकडे!" ते म्हणाले. "तुझा बाप जीभ लावून लाकडाची ओल सांगायचा."

ते झरोके डीकनच्या हातचे होते, उघडायचा नेम तिच्या वडिलांचा होता, आणि वीस वर्षं झडपा उघडणारा बूट तिचा स्वतःचा. आत्याच्या छातीतला खोकला कुठून आला, याचा हिशोब तिच्यापाशी येऊन थांबत होता.

एकोणीस. अठरा. ऑलीटा रोज रॅलीला फोन लावायची आणि आकडा सांगायची. आत्या तो तिथल्या सगळ्या मजल्याला सांगायची. सतरा झाले तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईनं केक केला. जुलैच्या शेवटच्या शनिवारी सगळीकडे सोळा, आणि आमच्या रस्त्यावर पैजा लागल्या.

मग ऑलीटाला तीन दिवस शाळेत जावं लागलं, नवी भट्टी बसवायची होती. बुधवारी दुपारी ती परत आली, ओल मोजायचं यंत्र घेऊन खाली शिरली, आणि बूट एकदम थांबले.

अठरा. पुढे एकोणीस. पाइपांवर थेंब.

ती बाहेर आली तर समोर जोत्यात झडप सताड उघडी. पुढची पण. एकेक करत तिनं घराला फेरी घातली. तेराच्या तेरा झरोके उघडे होते, स्पंजाचे तुकडे विटांच्या कडेला नीट रचून ठेवलेले. आणि चौदावी, ती गंजलेली, तेल घालून, छिन्नी लावून उघडलेली. एवढं कसब गावात एकाच माणसाकडे होतं.

आम्हाला वाटलं आता आकाशपाताळ एक होणार. ऑलीटा डीकनच्या घरी चालत गेली, आम्ही तिच्या मागे. डीकन ओसरीवर बसून वाटाणे सोलत होते. तिला बघून प्रसन्न हसले.

"बघितलंस का? ती गंजलेली पण मोकळी केली. परवा तू शाळेत गेलीस तेव्हा म्हटलं, झेनोबियासाठी एवढं तरी करावं. शनिवारी तो शहरातला माणूस येणार ना, घर घुसमटलेलं नको."

तिच्या जिभेवर काय काय आलं असेल, तिला माहीत. ती पायरीवर बसली. "काका, थोडा चहा मिळेल? बर्फ जास्त घाला."

त्यांनी आमचा नेहमीचा गोड गार चहा उंच ग्लासात आणून दिला. ऑलीटा प्यायली नाही. तिनं ग्लास त्यांच्यासमोर ठेवला.

"हा ग्लास फुटका आहे का हो?"

"माझ्या घरात फुटका ग्लास? हे काय बोलणं!"

"मग बाहेरून ओला कसा?"

"गार आहे म्हणून. घाम येतो त्याला."

"पुसा बरं."

डीकननी रुमालानं पुसला. आम्ही बघत होतो तोवर काचेवर पुन्हा धुकं धरलं, धुक्याचे ठिपके झाले, आणि ठिपक्यांचे ओघळ खाली आले. त्यांनी पुन्हा पुसला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुसताना त्यांचा हात हळू झाला.

"वारा घाला," ऑलीटा म्हणाली.

त्यांनी चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा घेतला आणि ग्लासाला वारा घातला. आणखी ओघळ आले. ग्लासाखाली गोल तळं साचलं.

"तुम्ही घरं बांधलीत तेव्हा कुणाकडे एसी होता, काका? तेव्हा घराचं पोट गार नसायचं. तेव्हा झरोके बरोबरच होते. मग एसी आले, आणि झडपा आम्ही उघडतच राहिलो. मी उघडत राहिले. आत्या आजारी पडली ती त्यानं." "शनिवारी आकडा सोळाच्या वर गेला तर सोमवारी घरावर विक्रीची पाटी लागेल."

डीकननी वाटाण्यांची परात बाजूला सरकवली, उठले आणि आत गेले. चिडून गेले असं आम्हाला वाटलं. ते बाहेर आले ते थापी घेऊन, आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या.

"स्पंज कसले कोंबतेस," ते म्हणाले. "कुणीही येईल, उपटून टाकेल."

"कुणीही," ऑलीटा म्हणाली.

"तोंड सांभाळ. आणि विटा जुन्याच घ्यायच्या, रंग जुळला पाहिजे. माझ्या परड्यात आहेत. वाळू कोण आणतंय?"

त्या दुपारी मलबेरी रस्त्यावर एकही माणूस घरात नव्हता. कुणी विटा वाहिल्या, कुणी सिमेंट-वाळूचा मसाला कालवला. ऑलीटानं पाणी ओढणारं यंत्र पूर्ण वेगात सोडलं, शेजारून मागून आणखी एक आत नेलं, आणि पाइपांवरचे थेंब फडक्यानं टिपत आत सरपटत राहिली. बाहेरून डीकन गुडघ्यांवर बसून आपलंच चाळीस वर्षांपूर्वीचं काम विटेविटेनं मिटवत होते. दर झरोक्याला आतून ऑलीटा ओरडायची, "दिसतोय उजेड अजून, डाव्या हाताला!" आणि बाहेरून ते ओरडायचे, "मला शिकवू नकोस!" पण डाव्या हाताला थापी फिरायची. बाराव्या झरोक्यापाशी त्यांचे गुडघे संपले. तेव्हा त्यांना उशी दिली. चौदावा, गंजलेला, त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला. झडप निघेना. "आता निघत नाहीये!" ते रागावून म्हणाले, आणि रस्ताभर हशा पिकला.

गुरुवारी सतरा. शुक्रवारी सकाळी सोळा. दुपारी काही ठिकाणी पंधरा. न्हाणीघराखालची तुळई मात्र साडेसोळाला अडून बसली. ऑलीटानं तिच्यासमोर पंखा लावला आणि तिला चांगलं दहा मिनिटं समजावलं. ते आम्ही बाहेरून ऐकलं.

शनिवारी दहा वाजता रोनेटाची गाडी आली. मागे टिमन्सची. आत्या गाडीतच बसली, काच खाली करून. "मला न विचारता कुणी काही ठरवायचं नाही," एवढं तिनं आधीच जाहीर केलं.

टिमन्स खाली गेला. आम्ही चाळीसएक माणसं अंगणात उभी होतो. आतून त्याचा आवाज यायचा आणि ऑलीटा मोठ्यानं आम्हाला सांगायची. "चौदा! चौदा! तेरा!" प्रत्येक आकड्याला टाळ्या. "पंधरा!" मग तो न्हाणीघराच्या बाजूला पोचला होता. ऑलीटानं डोळे मिटले. डीकननी टोपी काढली.

"पंधरा पूर्णांक आठ दशांश," टिमन्स म्हणाला.

जो काही गलका झाला! डीकननी ऑलीटाला उचललं, मग पाठ धरून खाली ठेवलं. टिमन्स बाहेर आला, बाही झटकली, म्हणाला, "असं घर मी या जिल्ह्यात पाहिलं नाही. झरोकेच नाहीत."

रोनेटा मात्र हसली नव्हती. ती पायऱ्यांपाशी उभी होती, पांढरीशुभ्र विजार घातलेली. गलका आपोआप खाली बसला.

"आकडे छान आहेत," ती म्हणाली. "पण एप्रिलमध्येही कुणीतरी ठीक आहे म्हणालं होतं."

"मी म्हणाले होते," ऑलीटा म्हणाली. "आणि झडपाही मीच उघडल्या. वीस वर्षं. तुझ्या आईला जे झालं ते माझ्या हातानं झालं, रोनेटा. मला माहीत नव्हतं. पण हातानं झालं."

रोनेटानं कानातले डूल काढून ऑलीटाच्या हातात दिले, गुडघ्यांवर बसली, आणि त्या विजारीसकट घराखाली शिरली.

आत प्लास्टिकवर सरपटण्याचा आवाज दूर दूर जात गेला, न्हाणीघरापर्यंत. तिथे तो थांबला. नाकानं ओढलेला एक लांब श्वास आम्हाला अंगणात ऐकू आला. मग दुसरा.

"रोनेटा!" गाडीतून आत्या ओरडली. "मेलीस की जिवंत आहेस?"

"लाकडाचा वास येतोय, आई!" आतून आवाज आला, आणि त्यात रडू होतं की हसू, कळेना. "नुसता लाकडाचा!"

ती बाहेर आली. गुडघे झटकायला तिनं हात नेला, पण झटकण्यासारखं तिथे काही नव्हतं. तिनं ऑलीटाला मिठी मारली, अशी की ऑलीटा दिसेनाशीच झाली. मग चालत जाऊन तिनं गाडीची डिकी उघडली, आईची रविवारपुरती बॅग काढायला, आणि तिथेच उभी राहिली. आत दोन मोठ्या बॅगा होत्या, एक बोचकं, लोखंडी कढई, आणि भिंतीवरचं घड्याळ.

"आई, हे सगळं तू कधी भरलंस?"

"सतरावर आलं तेव्हा," आत्या दार उघडत म्हणाली. "आता बघत काय राहिलात सगळे? कढई आधी आत न्या. उद्या एवढी माणसं जेवायला येणार आहेत."